रॉबर्ट बॉइल आणि बनफ्शाचें सरबत

गेल्या पावसाळ्यांत आम्लाचा धडा शिकविण्यासाठीं आम्ही प्रयोगशाळेचें कपाट उघडलें, तों लिटमसच्या पट्ट्यांची दुर्दशा झालेली दिसली. ओल आणि शेजारीं ठेविलेल्या आम्लाच्या बाटलीची वाफ, या दोहोंनीं निळ्या पट्ट्यासुद्धां तांबूस होऊन गेल्या होत्या. मूळची निळी कोणती व तांबडी कोणती, हें ओळखण्याची सोय उरली नव्हती. भिवपुरीचा पाऊस ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या या गांवीं श्रावण लागेपर्यंत पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते व बरणींतल्या मिठाला पाणी सुटतें. तेथें कागदाच्या पट्ट्यांची काय कथा! नव्या पट्ट्या हातीं येईपर्यंत धडा पुढें ढकलूं, असें आम्ही वर्गांत सांगून टाकलें.

दुसऱ्या दिवशीं एक विद्यार्थिनी ओंजळभर गोकर्णाचीं निळीं फुलें घेऊन आली. तिच्या आजीनें त्या फुलांचें पाणी उकळून त्यांत लिंबू पिळल्याबरोबर निळ्याचें जांभळें झालेलें तिनें घरीं पाहिलें होतें. आम्ही फुलें कढत पाण्यांत टाकलीं. गडद निळा रंग उतरला. तें पाणी तीन पेल्यांत ओतून एकांत लिंबाचा रस घातला, दुसऱ्यांत चुन्याची निवळी घातली व तिसरा तसाच ठेविला. पहिला जांभळट गुलाबी झाला, दुसरा हिरवा झाला, तिसरा निळाच राहिला. सारा वर्ग बाकें सोडून मेजाभोंवतीं गोळा झाला. आम्ल निळ्या लिटमसला तांबडें करतें, हें वाक्य ज्यांनीं उत्तरपत्रिकेंत बिनचूक लिहून गुण मिळविले होते, त्यांपैकीं कित्येकांनीं रंग बदलतांना त्या दिवशींच प्रथम पाहिला. हें लिहितांना आम्हां शिक्षकांस थोडी लाज वाटते.

हा प्रयोग मुळांत कोणाचा, असा प्रश्न तेव्हां निघाला. आम्ही रॉबर्ट बॉइलचें नांव सांगितलें, इतक्यांत घंटा झाली. त्या दिवशीं राहून गेलेलें तें चरित्र आम्ही येथें देत आहों.

रॉबर्ट बॉइलचा जन्म २५ जानेवारी १६२७ रोजीं आयर्लंड देशांत लिस्मोर येथील किल्ल्यांत झाला. म्हणजे आपल्या शिवछत्रपतींहून तो तीनच वर्षांनीं वडील. त्याचे वडील रिचर्ड बॉइल हे तरुणपणीं जवळजवळ रिकाम्या हातानें इंग्लंडांतून आयर्लंडांत आले आणि तेथें जमिनींमागून जमिनी मिळवून त्या राज्यांतील अत्यंत धनाढ्य गृहस्थांपैकीं एक झाले. पुढें त्यांस कॉर्कचा अर्ल ही पदवी मिळाली. या जमिनी मूळच्या आयरिश लोकांच्या होत्या व त्या सर्वच सरळ मार्गानें आल्या होत्या असें कोणी म्हणणार नाहीं. थोर पुरुषाचें चरित्र लिहितांना ही बाजू गाळण्याची रीत आहे. ती आम्हांस पसंत नाहीं. बॉइलच्या भट्ट्या, कांचेचीं पात्रें व नोकरचाकर यांस लागलेला पैसा पुष्कळसा याच जमिनींच्या उत्पन्नांतून आला, आणि ही गोष्ट त्याच्या स्वतःच्याही मनाला पुढें टोंचत राहिली.

पंधरा भावंडांत रॉबर्ट चौदावा. मुलांचे लाड करूं नयेत असा वडिलांचा कटाक्ष असल्यामुळें तान्हेपणींच त्यास खेड्यांतील एका दाईकडे ठेविलें होतें. तो तीन वर्षांचा असतांना आई वारली. तिचा चेहराही त्याच्या ध्यानांत राहिला नाहीं. बोलतांना अडखळणाऱ्या मुलांची नक्कल करतां करतां तो स्वतःच अडखळूं लागला, आणि ही खोड जन्मभर सुटली नाहीं. आठव्या वर्षीं त्यास ईटन येथील प्रसिद्ध शाळेंत धाडण्यांत आलें. बाराव्या वर्षीं एका शिक्षकाबरोबर तो युरोपच्या प्रवासास निघाला व जिनिव्हा येथें राहिला. तेथें एका रात्रीं भयंकर वादळ झालें. विजांच्या कडकडाटांत जागा झालेल्या त्या मुलास आपल्या आयुष्याचा हिशेब द्यावा लागेल असें प्रथमच वाटलें. या रात्रीपासून त्याची धर्मश्रद्धा खरी जागी झाली, असें तो पुढें सांगत असे.

१६४२ सालच्या जानेवारींत तो इटलींत फ्लॉरेन्स येथें असतांनाच, शहरालगत स्वतःच्या घरांत नजरकैदेंत असलेला वृद्ध गॅलिलिओ मरण पावला. या पंधरा वर्षांच्या मुलानें गॅलिलिओचे ग्रंथ तेव्हां वाचावयास घेतले होते. इकडे आयर्लंडांत बंड होऊन वडिलांचें उत्पन्न खुंटलें. त्यांनीं पाठविलेले पैसे मुलापर्यंत पोंचले नाहींत. दोन वर्षें जिनिव्हांत शिक्षकाच्या आधारावर काढून १६४४ सालीं तो इंग्लंडांत परतला, तों वडील वारलेले आणि देशांत यादवी माजलेली. अशा वेळीं लंडनमध्यें त्याची वडील बहीण कॅथरीन हिनें त्यास जवळ केलें. ही बाई बारा वर्षांनीं मोठी, बहुश्रुत व धीराची होती. बॉइलनें लग्न केलें नाहीं; जन्मभर त्याचें खरें घर म्हणजे ही बहीणच.

वडिलांनीं त्याच्या नांवें ठेविलेल्या स्टॉलब्रिज येथील वाड्यांत त्यानें प्रयोग करावयाचें मनांत घेतलें. १६४७ सालीं त्यानें मोठ्या हौसेनें मातीची भट्टी मागविली. ती वाटेंत आदळआपट होऊन तुकड्यांच्या रूपानें येऊन पडली. त्यानें त्या दुःखाचें वर्णन बहिणीस पत्रांतून कळविलें. पुन्हां जमवाजमव होऊन प्रयोगास खरा आरंभ होईपर्यंत आणखी दोन वर्षें गेलीं. पट्ट्या खराब झाल्या म्हणून एका दिवसांत धडा पुढें ढकलणाऱ्या आमच्यासारख्यांनीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें तो ऑक्सफर्डला राहावयास गेला. तेथें त्याच्या पदरीं रॉबर्ट हूक नांवाचा अत्यंत कुशल तरुण मदतनीस होता. दोघांनीं मिळून हवा उपसण्याचा पंप सिद्ध केला व त्यावरील प्रयोगांचें पुस्तक १६६० सालीं निघालें. वायूवरील दाब दुप्पट केला असतां त्याचें आकारमान निम्मे होतें, हा जो नियम विद्यार्थी बॉइलच्या नांवानें शिकतात, तो १६६२ सालचा. १६६१ सालीं त्यानें रसायनशास्त्रांतील जुन्या कल्पनांवर शंका घेणारा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. या गोष्टी पाठ्यपुस्तकांत येतात, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाहीं. आमचा विषय रंगांचा.

रंगांवरील त्याचा ग्रंथ १६६४ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं शिवाजीमहाराजांनीं सुरतेवर पहिली स्वारी केली त्याच वर्षीं, प्रसिद्ध झाला. कॅथरीनचा मुलगा, म्हणजे आपला भाचा, यास उद्देशून तो लिहिला आहे. भाच्याचें नांव त्यांत दिलेलें नाहीं. त्यास एक टोपणनांव दिलें आहे. मामानें भाच्यास जवळ बसवून समजावून द्यावें, तशी त्याची मांडणी आहे.

व्हायोलेट हें तिकडील एक लहानसें, सुवासिक, जांभळट निळें फूल. आपल्याकडील युनानी औषधांच्या दुकानांत बनफ्शा म्हणून जो मिळतो, तो याच कुळांतला. व्हायोलेटच्या पाकळ्यांचें सरबत तिकडे औषध म्हणून घरोघर वापरीत. या सरबताचे थोडे थेंब बॉइलनें पांढऱ्या कागदावर टाकले आणि त्यांवर शिरक्याचे दोन तीन थेंब सोडले. निळा थेंब तत्काळ तांबडा झाला. दुसऱ्या थेंबावर लाकडाच्या राखेपासून काढलेल्या खाराचें पाणी सोडलें. तो थेंब सुंदर हिरवा झाला.

यांत नवें तें काय? शिरका किंवा तसाच दुसरा आंबट पदार्थ पडला असतां हें सरबत तांबडें होतें, ही गोष्ट जाणत्यांस आधींच ठाऊक होती. औषधें करणारे, रंगारी, सरबतें करणाऱ्या गृहिणी यांच्या डोळ्यांसमोर ती नित्य घडत होती. बॉइलनें दोन गोष्टी अधिक केल्या. आंबटाच्या उलट स्वभावाचे जे पदार्थ त्यांनीं काय होतें, हा प्रश्न त्यानें विचारला व हिरवा रंग पाहिला. मग शिरका झाला, मिठापासून काढलेलें आम्ल झालें, तसें इतर प्रत्येक आम्ल त्यानें सरबतावर घालून पाहिलें. खारांचेंही तसेंच केलें. अमुक एका पदार्थानें रंग बदलतो येथें न थांबतां, आम्ल या साऱ्या जातीनें तो तांबडा होतो व अल्क या साऱ्या जातीनें हिरवा होतो, असें त्यानें दाखवून दिलें. यामुळें सरबत ही एक कसोटी बनली. सोनाराच्या कसोटीच्या दगडावर जसें सोनें, तसा कोणताही अपरिचित द्रव या थेंबावर घासून पाहतां येऊं लागला. अशा पदार्थास आज आपण दर्शक म्हणतों. ज्यांस येथें अल्क म्हटलें आहे ते आजच्या पाठ्यपुस्तकांतील आम्लारींपैकीं पाण्यांत विरघळणारे होत.

याची महती पटण्यास तेव्हांची अडचण लक्षांत घेतली पाहिजे. एखादा द्रव आम्ल आहे कीं नाहीं, हें त्याकाळीं ठरवीत तें बहुधा जिभेवर घेऊन, नाहींतर दोन द्रव एकत्र ओतल्यावर फसफसतात कीं नाहीं तें पाहून. जीभ ही फार धोक्याची कसोटी आहे. आमच्या कपाटांतील कोणतीही बाटली त्या रीतीनें पाहावयाची नाहीं, हें आम्ही दर वर्षीं पहिल्याच तासाला बजावतों. फसफसण्याचाही भरंवसा नाहीं; चुन्याच्या निवळींत लिंबू पिळलें तर कांहीं फसफसत नाहीं. फुलाच्या थेंबानें जिभेची सुटका केली.

बॉइलनें एका फुलावर भिस्त ठेविली नाहीं. शेतांत उगवणारीं दुसरीं निळीं फुलें, कुंपणावरचीं काळीं फळें, किरमिजी किड्यांचा रंग, आपल्याकडील पतंगाच्या लाकडाशीं नातें असलेलें एक तांबडें लाकूड, आणि दगडफुलाच्या जातभाईंपासून निघणारें लिटमस, हें सर्व त्यानें तपासलें. पांढऱ्या जाईच्या फुलांत रंगच नाहीं, तेथें काय दिसणार, असें कोणासही वाटेल. त्यानें तीं फुलें कागदावर चोळून पाहिलीं. आम्लानें कांहीं झालें नाहीं. अल्कानें मात्र डाग हिरवट पिवळा झाला.

येथें आमच्या पालकभगिनींस हळदीची आठवण होईल. हळदीचा डाग पडलेल्या कपड्यास साबण लावला कीं तो तांबडा होतो, आणि हळदीस चुना लागला कीं कुंकवासारखा रंग चढतो, हें कोणत्या घरीं ठाऊक नाहीं? परंतु हळद हा अर्धाच साक्षीदार आहे. अल्क आलें तर ती सांगते. लिंबू पिळलें तर पिवळीची पिवळीच राहते. गोकर्ण व जास्वंद दोहों बाजूंची साक्ष देतात. गोकर्णाच्या पाण्यांत टिपकागदाच्या पट्ट्या दोन तीन वेळां भिजवून सावलींत वाळवाव्या व घट्ट झांकणाच्या बाटलींत ठेवाव्या. पावसाळ्यापूर्वीं हें काम उरकावें, एवढी सूचना स्वानुभवानें करितों.

आतां बॉइलच्या स्वभावाची एक गोष्ट. त्याची ही कसोटी लोकांच्या हातीं आल्यानंतर कांहीं विद्वानांनीं जगांतील यच्चयावत् पदार्थांची वाटणी आम्ल व अल्क अशा दोन वाड्यांत करून टाकली. पोटांतील पचन, रोग, औषधांचा गुण, सारें कांहीं या दोहोंच्या झगड्यानें घडतें असें ते म्हणूं लागले. ज्याच्या प्रयोगानें या मतास बळ येत होतें, तो बॉइलच १६७५ सालीं त्याविरुद्ध लिहावयास पुढें आला. सरबताचा रंग ज्यांनीं मुळींच बदलत नाहीं असे पुष्कळ पदार्थ आहेत, त्यांची सोय कोठें लावणार, असा त्याचा आक्षेप होता. आमच्या मेजावरचा तो तिसरा पेला, जो निळाच राहिला, त्याची बाजू बॉइलनें घेतली असें म्हणावयास हरकत नाहीं. आपल्या शोधाची स्तुति चालली असतां तीस आळा घालणें सोपें नाहीं. त्याच्या सर्व पुस्तकांत आम्हांस हा गुण अधिक मोलाचा वाटतो. फसलेल्या प्रयोगांवरही त्यानें स्वतंत्र निबंध लिहिले आहेत.

त्याच्यांत दोष नव्हते असें नाहीं. हलक्या धातूचें सोनें करतां येईल यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास होता आणि त्या खटाटोपांत त्यानें पुष्कळ काळ घालविला. लिहितांना तो पाल्हाळ लावी. तसेंच, त्याचे डोळे तरुणपणींच्या आजारानंतर फार अधू झाल्यामुळें वाचणें व लिहिणें त्यास बहुतेक दुसऱ्यांकडून करवावें लागे, आणि भट्टीपाशीं राबणारे हातही पुष्कळदां पगारी मदतनीसांचे असत. हूकचें नांव राहिलें. बाकीच्यांपैकीं बहुतेकांचें राहिलें नाहीं. आमच्या प्रयोगशाळेंतील नळ्या धुऊन ठेवणाऱ्या शिपायाकडे पाहिलें कीं आम्हांस त्या निनांवी माणसांची आठवण होते.

१६६८ सालीं तो लंडनमध्यें बहिणीच्या घरीं कायमचा राहावयास आला. याच सालीं इंग्लंडच्या राजानें आपल्या मुंबई बेटाचा ताबा वर्षाला दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीस दिला, आणि पुढच्याच वर्षीं बॉइल त्या कंपनीच्या संचालक मंडळांत आला. भिवपुरीहून गाडीनें मुंबईस जाणाऱ्या आमच्या वाचकांस, व्हायोलेटचा तो प्रयोगकर्ता मुंबईच्या कारभारांतही बसत होता, हें ऐकून मौज वाटेल. तो इकडे कधीं आला नाहीं. व्यापाराच्या पलीकडेही कंपनीचें कांहीं कर्तव्य आहे, असें त्यानें मंडळास वारंवार सुचविलें. त्याचा फारसा उपयोग झाला नाहीं. तेव्हां मलायी भाषेंतील शुभवर्तमानें छापण्याच्या कामास त्यानें हातभार लावला व तीं १६७७ सालीं ऑक्सफर्ड येथें छापून निघालीं. आयरिश भाषेंतील नवा करार १६८१ सालीं व जुना करार १६८५ सालीं छापला गेला, त्यालाही त्याचाच आधार होता. ज्या देशाच्या जमिनींवर आपण पोसलों, त्या देशाच्या लोकांस त्यांच्याच भाषेंत कांहीं परत द्यावें, असा त्यांत हेतु असावा असें आम्हांस वाटतें. जमिनी परत गेल्या नाहींत, हेंही खरें.

१६७० सालीं त्यास अर्धांगाचा झटका आला. त्यांतून तो हळूहळू सावरला. १६८० सालीं रॉयल सोसायटीनें त्यास अध्यक्ष निवडलें असतां, त्या पदासाठीं शपथ घेणें त्याच्या मनास पटेना, म्हणून तो मान त्यानें नाकारला. १६८५ सालीं औषधी झऱ्यांच्या पाण्याच्या परीक्षेवर त्यानें एक छोटें पुस्तक काढलें. भेटावयास येणाऱ्यांची इतकी गर्दी होई कीं शेवटीं शेवटीं भेटीचे दिवस त्यास ठरवून द्यावे लागले. १६८८ सालीं तर एक विलक्षण अपघात झाला. जाळणाऱ्या आम्लाची बाटली फुटून तें त्याच्या हस्तलिखितांच्या पेटींत सांडलें आणि पुष्कळ कागद नाश पावले. ज्यानें आम्लाची ओळख पटविण्यांत इतकीं वर्षें घालविलीं, त्याच्याच कागदांवर आम्लानें हा प्रसंग आणावा! त्यानें झालेली हानि छापून जाहीर केली आणि उरलेलें काम पुढें चालविलें.

आम्ल आहे कीं अल्क, एवढेंच त्याचें सरबत सांगे. किती, हें सांगत नसे. त्यासाठीं जगास पुष्कळ वाट पाहावी लागली. कोपनहेगन येथील सोरेनसेन यानें १९०९ सालीं ज्याचें माप घालून दिलें तो सामू, म्हणजे सातच्या खालीं आम्ल व वर अल्क हें आंकड्यांचें कोष्टक, आपले शेतकरीबांधव माती तपासून आणतात त्या पत्रिकेवर आज छापलेलें असतें.

१६९१ सालच्या डिसेंबरच्या २३ तारखेस कॅथरीन वारली. भाऊ आधींच खंगलेला होता. आठवडाभरानें, वर्षाच्या अखेरच्या दिवशीं, ३१ डिसेंबर रोजीं, चौसष्टाव्या वर्षीं तोही गेला. लंडनमधील सेंट मार्टिनच्या देवळांत त्यास बहिणीजवळच पुरलें. तें देऊळ पुढें पाडून त्याच जागीं दुसरें बांधण्यांत आलें, त्या उलथापालथींत त्याच्या थडग्याची जागा नाहींशी झाली.